नडगीवरची निळी रेघ

बेल्ह्याच्या बाजारात मी गाय बघायला गेलो होतो. घेणारच होतो असं नाही. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं आणि गोठा रिकामा होता. तिची गाय मी धाकट्या भावाकडं नेऊन बांधली होती. धार मला काढता येते, तो प्रश्न नव्हता. पण सकाळी बादली घेऊन गेलो की ती गाय माझ्याकडं न बघता माझ्या मागं बघायची. मागून कुणी येतंय का, ते बघत राहायची. काही दिवस मी ते सोसलं, मग दावं सोडून तिला भावाच्या गोठ्यात नेलं. भावाचं घर म्हणजे मधे एक बांध आणि शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. तिथं ती रुळली. पण मग इकडं रिकामी दावण मला बघवेना. म्हणून बाजार.

टेम्पोतून जनावरं उतरवायचं काम चाललं होतं. एक खोंड उतरायलाच तयार नव्हतं. खाली दोघं दोरी ओढतायत, वर एक जण शेपटी पिरगाळतोय. मी बाजूला उभा राहून दुसऱ्याच एका तांबड्या गायीच्या कासेकडं बघत होतो. खोंडानं एकदम उडी घेतली आणि मला रेटत टेम्पोच्या उघड्या फाळक्यावर नेलं. माझी डावी नडगी त्या लोखंडी कडेवर आदळली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी खाली बसलो ते बसलोच. कुणीतरी म्हणालं, "आरं, म्हातारं दबलं की!" त्या कळेतही मला राग आला, मी काही म्हातारा नाही.

बाजारतळाच्या कडेला माझ्या एका मित्राचं पशुखाद्याचं दुकान आहे. त्याचे पणजोबा मारवाडातून आले होते म्हणे, पण हा बोलायला लागला की माझ्यापेक्षा गावठी. तो धावत आला. त्यानं आणि टेम्पोवाल्यानं मला धरून दुकानात नेलं आणि सरकी पेंडीच्या पोत्यांवर आडवं केलं. फ्रिजमधली बर्फ झालेली पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून त्यानं नडगीवर ठेवली. पँट वर केली तेव्हा दिसलं, कातडी सोलून निघाली होती, बोटभर लांब. रक्त फार नव्हतं, पण भोवतीनं टेंगूळ येत होतं.

"भाऊ, हाड गेलं आसंल," तो म्हणाला.

"थांब," मी म्हणालो. "उभं राहून बघतो."

"उभं काय राहताय राव! पडून ऱ्हावा."

पण मी उठलोच. पाय टेकला. फार दुखलं, पण टेकला. दोन-चार पावलं टाकली. बोटं हलवून बघितली, हलत होती. हात लावून बघितला, बोटं गार पडली नव्हती. हे सगळं मी केलं खरं, पण करताना मला कळत होतं की हे माझं नाही. हे बायकोचं आहे.

आमच्या घरात दवाखान्यात कधी जायचं हे ती ठरवायची. मी कधीच ठरवलं नाही. माझा एक तर 'काही होत नाही' असा स्वभाव, नाहीतर एकदम घाबरायचा. लेक लहानपणी चिंचेवरून पडली, घोटा सुजून टम्म झाला. मी लगेच गाडी बघायला निघालो. ती म्हणाली, "जरा थांबा." लेकीला उभी केली. "टेक पाय. टेकतो ना? बोटं हलीव. आता इथं दाबलं तर हाडात दुखतंय का वर?" मग म्हणाली, "मुरगळलाय. पाय उशीवर ठिवू, उद्या बघू." आणि दुसऱ्या दिवशी सूज उतरायला लागली. आणि दुसऱ्या एका वेळी, माझ्या भावाच्या पायावर पाइप पडला होता, वरून काही दिसत नव्हतं, तो हसत होता, चहा मागत होता. हिनं त्याला उभं राहायला सांगितलं आणि त्याचा चेहरा बघून म्हणाली, "अहो, चहा नको. गाडी काढा." हाड मोडलेलं निघालं.

तिला हे कुठून आलं, तर तिच्या वडिलांच्या पायातून. तिचं माहेर मढचं. तिकडं भातशेती. लावणीच्या दिवसांत तिच्या वडिलांच्या नडगीला कुदळीचा घाव लागला. चिखलातच काम चालू ठेवलं त्यांनी. पाला वाटून बांधला. पाय लाल झाला, ताप आला, तरी लावणी उरकू द्या म्हणाले. पाय काळा पडायला लागला तेव्हा त्यांना जीपमध्ये घालून जुन्नरला आणलं, तिथून पुण्याला. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. ती तेव्हा शाळेत जाणारी पोरगी होती. आईबरोबर दवाखान्यात राहिली होती. तिथं एक नर्स तिच्या वडिलांच्या मांडीवर पेनानं रेघ काढायची, लाली कुठपर्यंत आली ते कळायला, आणि दर वेळी येऊन रेघेकडं बघायची. त्या पोरीनंही बघितलं. सासरे नंतर पुष्कळ वर्षं जगले, कुबडी घेऊन बांधावर बसायचे आणि चिखलात राबणाऱ्यांना सूचना द्यायचे. पण माझ्या बायकोच्या डोक्यात ती रेघ कायमची बसली. आमच्या घरात कुणाला काही लागलं, चिघळायला लागलं, की ती आधी पेन शोधायची. मला एकदा उसाच्या पाचटानं कापलं होतं, तेव्हा माझ्या पोटरीवर तिनं असंच गोल काढलं होतं. मी हसलो तर म्हणाली, "हसा. रेघ वलांडली तर उचलून नेईन." नाही ओलांडली. आम्ही गेलो नाही.

मित्र मात्र ऐकेना. मोटारसायकलवर बसवून मला आळेफाट्याला घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाड शाबूत होतं. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. म्हणाले, "मुका मार मोठा आहे. पाय छातीपेक्षा उंच ठेवा, बर्फानं शेका, आराम करा. साखरेची गोळी घेता ना? मग जखमेकडं लक्ष ठेवा. लाली पसरली, ताप आला, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर वाट बघू नका." मी मान हलवली. अशा वेळी माझ्या शेजारी उभं राहून ऐकणारी बाई नव्हती, आणि डॉक्टरांचं बोलणं मी एकट्यानं लक्षात ठेवायचं आहे हे मला बाहेर आल्यावर सुचलं.

घरी आलो. भावजयीनं भाकरी, कालवण आणून दिलं. पायाखाली दोन उशा घातल्या. त्यातली एक बायकोची होती. ती मी उचलून बाजूला ठेवली आणि त्या जागी घडी घातलेली गोधडी लावली.

दोन दिवस बरे गेले. पाय काळानिळा झाला, पण सूज कमी होत होती. ओसरीवर पडून राहायचो. आमच्या खोडदला घरासमोरच्या शेतांपलीकडं त्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना दिसतात, मोठ्या जाळीच्या थाळ्यांसारख्या. लांबून लोक बघायला येतात. आम्हाला त्यांचं काही नाही. त्यांची तोंडं कुठल्या कुठं वळलेली असतात, एवढंच मधूनमधून लक्षात येतं. बायको म्हणायची, "ह्ये एवढं मोठालं कान घेऊन वरचं ऐकत्यात, आन् तुमाला शेजारून हाक मारली तरी ऐकू येत न्हाई." त्या पडून राहण्याच्या दिवसांत मला ती सारखी आठवत होती. कामात असलो की दिवस जातो. पाय वर करून पडलेल्या माणसाला काही काम नसतं. पडवीतल्या खुंटीवर तिची शेतात न्यायची टोपली अजून होती, तिच्याकडं नजर जायची. मग मी कूस बदलायचो, आणि कूस बदलली की पाय ठणकायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाय गरम वाटायला लागला. आधी मला वाटलं, उन्हामुळं. सावलीत सरकलो. संध्याकाळी पट्टी सोडली तर जखमेच्या भोवती लाली होती. कातडी ताणल्यासारखी, चकचकीत. हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा चांगलीच गरम.

भावजय जेवण घेऊन आली होती. तिनं वाकून बघितलं. "भाऊजी, हळद आन् चुन्याचा लेप लावू का? सकाळपत्तूर वढून घेतंय."

मागून भाऊ आला. म्हणाला, "त्यापरीस तो मालिश करणारा हाय ना, नदीपलीकडचा, त्याला बोलावतो. रगात गोठलं आसंल, मोकळं करील."

दोघांच्या मनात काही वाईट नव्हतं. आम्ही सगळे असेच वाढलो. मलाही वाटलं, लावू या लेप, बघू सकाळी. काढलेला कांदा शेतात पडला होता, भरायचा होता, भाऊ एकटा किती करणार. शिवाय दवाखान्यात जायचं म्हणजे कपडे, गाडी, तिथं बसणं, सगळ्यांना त्रास. आणि खरं सांगायचं तर मी वाट बघत होतो. कुणीतरी म्हणेल याची वाट. तिनं आत स्वयंपाकघरात हात पुसावेत, बाहेर यावं, माझ्या पायाकडं एकदा बघावं आणि म्हणावं, "चला, उठा." मी तिच्याशी हुज्जत घातली असती, "आता कशाला" म्हणालो असतो, आणि तरी उठलो असतो. चाळीसभर वर्षं तसंच चाललं होतं. कुणी काही म्हणेना. भाऊ माझ्याकडं बघत होता, मी काय म्हणतो ते ऐकायला.

"लेप नको," मी म्हणालो. "मालिशवाला तर मुळीच नको. एक पेन दे."

"पेन?"

"हां. खिशात आहे ना तुझ्या."

त्यानं निळं पेन दिलं. वाकून नडगीपर्यंत पोचताना मला घाम फुटला. रेघ वेडीवाकडी आली, पण लालीच्या कडेकडेनं मी ती पूर्ण फिरवली. भावजय वाकून रेघेकडं बघत होती. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "जाऊबाई असंच करायच्या." आणि ताट तसंच ठेवून घरी गेली. भाऊ उभाच होता. तो म्हणाला, "मी आज हितंच झोपतो."

पहाटे मला थंडी वाजून आली. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. उजाडल्यावर पाय बघितला. लाली रेघेच्या बाहेर गेली होती, वर गुडघ्याकडं, दोन बोटं तरी. आणि ठणका असा की पायावर चादर सुद्धा सहन होईना.

मी भावाला उठवलं. "गाडी काढ," म्हणालो. "नारायणगावला जाऊ."

"च्या पिऊन जाऊ की."

"चहा नको."

हे तिचेच शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मला आत काहीतरी झालं. दुखण्यापेक्षा ते जास्त होतं. पण भाऊ तोवर चावी घ्यायला पळाला होता.

नारायणगावच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी ताप बघितला, साखर तपासली, बोटं दाबून बघितली, मांडीच्या सांध्याशी गाठ आहे का चाचपलं. मग पाय बघता बघता थांबल्या.

"ही रेघ कुणी काढली?"

"मीच."

"कधी?"

"काल संध्याकाळी."

"बरं केलंत, बाबा. किती वेगानं पसरतंय ते मला लगेच कळलं." त्यांनी आपल्या पेनानं आणखी एक रेघ काढली, माझ्या रेघेच्या बाहेरून. "कातडीखाली जंतुसंसर्ग झालाय. साखर असलेल्या माणसाला तो पटकन चढतो. ॲडमिट व्हायला लागेल, इंजेक्शनं शिरेतून देऊ. लेप वगैरे लावला नाही ना? चोळलं नाही ना?"

"नाही."

"घरात कुणी माहितीतलं आहे का?"

मी भावाकडं बघितलं. भाऊ जमिनीकडं बघत होता. मी म्हणालो, "होती."

माझ्या खांद्यावर हात ठेवून बाई नर्सला काय द्यायचं ते सांगायला लागल्या.

त्या खाटेवर मी बरेच दिवस होतो. पाय उंच टांगल्यासारखा उशांवर, हाताला सलाईन. पहिले दोन दिवस ताप चढायचा, उतरायचा. डॉक्टरीण बाई येऊन रेघेकडं बघायच्या. आधी लाली तिथंच थांबली, मग आत सरकायला लागली. वॉर्डात प्रत्येकाजवळ कुणी ना कुणी बसलेलं असायचं. समोरच्या खाटेवर एक गृहस्थ होता, त्याची बायको त्याच्यावर सारखी चिडायची. पाणी प्या म्हटलं तर पीत न्हाई, पाय खाली सोडतो, कुणाचं आयकत न्हाई. तो भिंतीकडं तोंड करून पडायचा. मला वाटायचं, याला उठून सांगावं की बाबा, ऐक, किती गोड बोलतेय ती. मी सांगितलं नाही. सांगून समजण्यातलं ते नाही.

लेक मंचरला दिलेली. ती कळल्याबरोबर आली. दारातून येतानाच तिनं माझ्या पायाकडं बघितलं, चेहऱ्याकडं नंतर. चादर बाजूला करून बोटांना हात लावला.

"बोटं हलवा, आण्णा."

मी हलवली. आणि मग मला रडू आलं, तिच्यासमोर. तिला वाटलं फार दुखतंय. ती नर्सला बोलवायला निघाली, मी तिचा हात धरला.

"दुखत नाही," मी म्हणालो. "बस इथं."

ती बसली. तिनं ग्लासात पाणी ओतून मला दिलं. मग म्हणाली, "आईनं हाक मारली असती ना, तर तुम्ही तिसऱ्या दिवशी दुपारीच आला असता."

"आलो असतो."

"पण तुम्ही आलात की, आण्णा. एकटे ठरवून आलात."

"एक रात्र लावली."

"ती लावतातच की सगळेजण. आजोबांनी किती दिवस लावले." तिनं माझ्या पायावरच्या रेघांवरून हलकेच बोट फिरवलं. एक माझी वाकडी, बाकीच्या डॉक्टरीण बाईंच्या सरळ. "आता घरी एकटं नको राहायला. आमच्याकडं या मंचरला."

मी म्हणालो, "बघू." ते 'बघू' म्हणजे नाही, हे तिला कळलं. तिची आई असती तर तिनं तेव्हाच भांडून घेतलं असतं. लेक भांडली नाही. तिनं पिशवीतून माझ्या साखरेच्या गोळ्या काढल्या आणि नर्सला दाखवून त्या कधी द्यायच्या ते विचारत बसली. मी तिच्या पाठीकडं बघत राहिलो. मान तिरकी करून ऐकायची सवय तिला आईची आहे. बघता बघता दोघींतला फरक पुसट व्हायचा, मग ती वळून बोलायची आणि पुन्हा लेकच असायची.

घरी सोडलं तेव्हा जखमेवर खपली धरली होती. पायाला काळसर डाग राहील म्हणाले, तो राहिलाच. काही आठवडे काठी घेऊन चाललो. रोज आंघोळीनंतर पाय पुसून नीट बघायचा, बोटांच्या बेचक्यासुद्धा, असं डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, ते मी करतो. आधी ते कुणी सांगून करून घ्यायचं, आता आपलं आपण. तेवढी पाच-दहा मिनिटं दिवसातली सगळ्यात शांत असतात.

चालता यायला लागल्यावर मी एकदा मढला गेलो. ओतूरवरून एसटीनं. मला कुणी बोलावलं नव्हतं, सण नव्हता. ती गेल्यापासून मी तिकडं गेलो नव्हतो. रस्ता तोच, डोंगर तेच, भात कापून झाल्यावरच्या मोकळ्या खाचरांत जनावरं चरत होती. माझा मेव्हणा अंगणात बसला होता. मला बघून गडबडून उठला. "दाजी! आवो कळवायचं तरी! काय झालं?"

"काही नाही. आलो असाच."

त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. मग माझी काठी बघितली, पाय बघितला. "ह्ये काय केलं?"

मी सांगायला सुरुवात केली. बेल्ह्याचा बाजार, टेम्पो, खोंड, मला म्हातारा म्हणणारा तो कोण. मित्राची पेंडीची पोती. ओसरीवरचे दिवस, पाय गरम झाला ती दुपार, भाऊ आणि भावजय, पेन. काहीच गाळलं नाही. घडलेलं इतकं सगळं, इतकं सविस्तर, मी कुणालाच सांगितलं नव्हतं, लेकीलाही नाही. मेव्हणा पुढं सरकून ऐकत होता. त्याची बायको दारात येऊन उभी राहिली, तिनंही ऐकलं. पहाटे थंडी वाजली आणि लालीनं रेघ ओलांडली होती, हे मी सांगितलं तेव्हा मेव्हण्यानं एकदम माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"आन् मग?" तो म्हणाला. "मग काय केलं, दाजी?"

"मग उठलो," मी म्हणालो.

ऊन डोंगरामागं चाललं होतं. मेव्हण्याची बायको म्हणाली, आज जायचं नाही, राहायचं. मी राहिलो. रात्रीच्या जेवणाला नाचणीची भाकरी होती, माझ्या बायकोच्या हातच्यासारखीच जाड, एका बाजूनं थोडी करपलेली.